तवशाकडे दाखवलेलं बोट

गेल्या गणपतीला डोंबिवलीहून पुतण्याची मुलगी आली होती. आठ वर्षांची. मागच्या परड्यात तवशाच्या, म्हणजे मोठ्या पावसाळी काकडीच्या, मांडवाखाली उभी राहून तिने वर बोट केलं आणि ओरडली, "आजी, केवढुशी काकडी बघ!" तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत सासूबाई पडवीतून कडाडल्या, "अगो, बोट नको दाखवूस, कुजेल ती! वाकडं कर बोट." पोरीने घाबरून बोट वाकडं केलं, पण व्हायचं ते झालंच. ती करंगळीएवढी काकडी पिवळी पडली, टोकाकडून काळवंडली आणि गौरी आल्या त्या दिवशी गळून आळ्यात पडली. पोरगी रडवेली, सासूबाई विजयी, आणि शाळेत सत्तावीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेली मी दोघींच्या मधे.

आता खरं सांगायचं तर ती काकडी नव्हतीच. ते फूल होतं.

आंब्याचा मोहोर झडतो आणि मग कणी दिसते, मिरचीचं फूल सुकतं आणि मग मिरची. आधी फूल, मागून फळ, हा क्रम आपल्या डोळ्यांत इतका बसलेला असतो की काकडी, दुधी, पडवळ, शिराळं, कारलं, भोपळा ही मंडळी आपल्याला सरळ फसवतात. यांच्या मादी फुलात बीजांडकोश पाकळ्यांच्या खाली असतो, देठाला लागून. कळी उमलायच्या आधीच तो हुबेहूब छोट्या फळासारखा दिसतो: काकडीचा काकडीसारखा, काटेरी लव असलेला; भोपळ्याचा गोटीएवढा गोल. लग्न ठरायच्या आधीच पाळणा बांधून ठेवावा, तसा प्रकार. परागकण मिळाले तर पाळणा हलतो, नाही मिळाले तर वेल तो खाली टाकून देतो. आपण म्हणतो "धरलेलं फळ कुजलं". ते धरलेलंच नसतं. त्या आठवड्यात मांडवावरून अशा कितीतरी कोवळ्या काकड्या गळाल्या, त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. पण त्यांची मोजदाद कोण ठेवतो?

दुसरी तक्रार याच्या उलट. दर श्रावणात शेजारपाजारच्या कुणी ना कुणी येऊन सांगतात, "वेल नुसता फुलतोय, फळ एक नाही. दृष्ट लागली." मग मांडवाच्या खांबाला जुनी चप्पल लटकते. मी जाऊन बघते तर सगळी नर फुलं. पातळ देठावर, झुबक्याने आलेली, खाली फुगीर भाग नाही. वेलाची ही रीतच आहे. पहिला आठवडा-दोन आठवडे नुसते नर, मग एकेक मादी, आणि पुढेही एका मादीमागे दहा-पंधरा, कधी पंचवीस नर. चप्पल लटकवून दहा दिवस झाले की माद्या येतातच, आणि श्रेय चपलेला जातं.

नर इतके का, याचं उत्तर हिशेबाचं आहे. नर फूल स्वस्त पडतं: थोडे पराग, एक दिवसाचं आयुष्य, संपलं. तवसं म्हणजे किलो-दीड किलोचा ऐवज, शेकडो बिया. वेल अंगात ताकद येईपर्यंत तो खर्च अंगावर घेत नाही. पण हे वेल ठरवतो कसं? नर व्हायचं की मादी, हे कळीला कोण सांगतं? मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, तेव्हा इथे जरा वेळ काढणार आहे.

काकडीची अगदी कोवळी कळी, म्हणजे पानाच्या बेचक्यातला टाचणीच्या डोक्याहूनही लहान ठिपका, सूक्ष्मदर्शकाखाली उघडून पाहिली तर तिच्यात दोन्ही असतं. पुंकेसराचे उंचवटेही आणि स्त्रीकेसराचेही. प्रत्येक कळी सुरुवातीला उभयलिंगी असते. पुढे दोहोंपैकी एकाची वाढ थांबते आणि दुसरं वाढतं. प्रश्न एवढाच, की थांबवतं कोण.

थांबवणाऱ्यांत मुख्य आहे एक वायू, आणि कोकणातल्या माणसाला तो जन्मापासून ओळखीचा आहे. अढी! पेंढ्यात आंबे रचून ठेवतो, त्यातला एक पिकला की बाकीचे भराभर पिकतात, आणि खोलीचं दार उघडलं की कळतं. वास आंब्याचा, पण काम इथिलिनचं. दोन कार्बन आणि चार हायड्रोजन, बस्स. पिकणारं फळ तो सोडतं, शेजारचं फळ तो ओळखतं आणि स्वतःही सोडायला लागतं. हाच वायू काकडीच्या कळीत अत्यल्प प्रमाणात तयार होतो आणि ठरवतो, ही मादी. वनस्पतीकडे मज्जातंतू नाहीत, रक्त नाही. एकच निरोप्या आंब्याला "पीक" म्हणून सांगतो आणि काकडीच्या कळीला "पुंकेसर थांबव" म्हणून सांगतो. निरोप एकच, ऐकणारा कोण त्यावर अर्थ.

आता पुढचे दोन परिच्छेद किंचित अवघड आहेत. कंटाळा आला तर सरळ मांडवापाशी या, मी तिथे भेटते.

इथिलिन तयार होण्याच्या वाटेवरची महत्त्वाची पायरी म्हणजे एसीसी नावाचा रेणू, आणि तो बनवणारं विकर (एन्झाइम) म्हणजे एसीसी सिंथेज, थोडक्यात एसीएस. या विकराची जनुकं वेलात अनेक असतात आणि प्रत्येक वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी चालू होतं. फ्रान्समधल्या अब्देलहाफिद बेंदाहमान यांच्या गटाने खरबूज आणि काकडीवर काम करून ही साखळी उलगडली. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं, की एसीएस-७ हे जनुक स्त्रीकेसरात चालू झालं की तिथल्या इथिलिनमुळे पुंकेसरांची वाढ थांबते. हे जनुक बिघडलेलं असेल तर पुंकेसर थांबतच नाहीत आणि फूल उभयलिंगी राहतं. खरबुजाच्या कित्येक जातींत असंच असतं. २००९ मध्ये दुसरा खेळाडू सापडला, डब्ल्यूआयपी-१ नावाचं जनुक. हा स्त्रीकेसराला दाबतो. तो चालू असेल तर फूल नर.

मग डब्ल्यूआयपी-१ ला कोण दाबतं? ते २०१५ मध्ये कळलं: एसीएस-११. हे जनुक कळीला अन्न पोचवणाऱ्या नलिकांमध्ये चालू होतं. म्हणजे साखळी अशी. एसीएस-११ चालू, तर डब्ल्यूआयपी-१ बंद. ते बंद, म्हणून स्त्रीकेसर वाढतं. स्त्रीकेसर वाढलं, म्हणून त्यात एसीएस-७ चालू. त्याच्या इथिलिनने पुंकेसर बंद. झाली मादी. आणि एसीएस-११ चालूच झालं नाही, तर डब्ल्यूआयपी-१ मोकळं सुटतं, स्त्रीकेसर बंद, झाला नर. तीन बटणं, आणि पहिलं बटण नेमकं अन्नवाहिनीत. तिजोरीत काय आहे ते बघूनच घरात पाळणा हलवायचा की नाही ते ठरतं, असं मला ते वाचताना वाटलं. शास्त्रज्ञ असं म्हणणार नाहीत, हे माझं आपलं.

तर मांडवापाशी.

या साखळीवर बाहेरच्या गोष्टींचाही परिणाम होतो. लांब दिवस आणि जास्त उष्मा असला की नर वाढतात. दिवस आखूड आणि रात्री गार झाल्या की माद्या. रत्नागिरीच्या आसपास जूनच्या शेवटी दिवस तेरा तास दहा मिनिटांच्या घरात असतो, सप्टेंबरच्या मध्याला सव्वाबारा. म्हणजे मृगावर टोकलेलं बी आधी नर फुलं देणार आणि गणपतीच्या सुमाराला माद्यांची गर्दी होणार, हे पंचांगात नसलं तरी ठरलेलं आहे. गणपतीवरच्या चौकटीला, म्हणजे माटवीला, टांगायला तवसं आणि पडवळ नेमकं मिळतं ते उगीच नाही. दुसरं म्हणजे नत्र. आळ्यात युरिया ओतला की वेल हिरवागार, पानं सुपाएवढी, आणि मादी फुलं लांबणीवर. खाऊनपिऊन सुखी असलेल्या वेलाला संसाराची घाई नसते.

हल्ली यूट्यूबवर 'थ्रीजी कटिंग'चं फार आहे. मुख्य वेलाचा शेंडा खुडा, फुटलेल्या फांदीचा खुडा, तिसऱ्या पिढीच्या फांदीवर म्हणे शेकड्याने दुधी. यात तथ्य आहे, आणि ते जुनं आहे: दुधीच्या मुख्य वेलावर बहुतेक नर असतात आणि बाजूच्या फांद्यांवर माद्यांचं प्रमाण वाढतं. पण फळ पोसायला पानं लागतात, पानांना ऊन लागतं, आणि ते आषाढात कुठून आणायचं? दर वेळी खुडलं की दहाएक दिवस जातात, पावसात जखम उघडी राहते ती वेगळीच. एकदा खुडा, पुरे. दुसरी मंडळी इथ्रेलची बाटली आणतात. या औषधातून वेलाच्या अंगात इथिलिनच सुटतं आणि माद्या लवकर येतात, हे खरं. मात्र रोपाला दोन ते चार पानं असताना, मोजून मापून द्यायचं असतं, कारण कळीचं भवितव्य त्या सुमाराला ठरायला लागतं. वेल मांडवावर चढून फुलल्यावर फवारणारे पैसे पावसात टाकतात. घरच्या चार वेलांना मी ते कधीच वापरलं नाही.

मादी आली, तरी फळ धरेलच असं नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. परागकणाला पावसाचं पाणी सोसत नाही. आतला रस दाट, बाहेर नितळ पाणी, त्यामुळे पाणी आत घुसतं आणि कण फुटतो. मनुका पाण्यात फुगतात तसंच, फक्त इथे साल तेवढी टिकत नाही. वर सातेरी माश्या पावसात पोळ्याबाहेर पडत नाहीत. काकडीचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. तेवढ्या वेळात एखाददुसरी माशी येऊन गेली तर थोड्याच बिया धरतात आणि काकडी एका टोकाला बारीक, वाकडी होते. लोक म्हणतात बी वाईट निघालं.

म्हणून मी आता हाताने पराग लावते, आणि परड्याची आखणी त्यावरूनच करते. कारण सगळ्यांच्या वेळा वेगळ्या. भोपळा पहाटे उमलतो आणि ऊन चढलं की मिटतो. काकडी आणि कारलं सकाळचं. घोसाळं भल्या पहाटे, तर त्याचं सख्खं भावंड शिराळं संध्याकाळी पाचनंतर. दुधीची पांढरी फुलंही संध्याकाळची, आणि पडवळाची झालरीसारखी फुलं दिवेलागणीला. या पांढऱ्यांकडे मोठे पतंग येतात. तेव्हा शिराळं, दुधी आणि पडवळ मी विहिरीच्या वाटेवर, पडवीच्या उजेडाच्या टप्प्यात लावते. अंधारात मांडवाखाली चाचपडायला नको, फुरसं असतं. प्रत्येक जातीचे किमान तीन वेल, आणि एक आळं पंधरा दिवस उशिरा टोकायचं, म्हणजे एकाची मादी उमलली त्या दिवशी दुसऱ्याकडे नर शिल्लक असतो. आळी उंचवट्यावर, जांभ्याची जमीन निचऱ्याची असली तरी घराकडचा भाग तुडवून घट्ट झालेला असतो आणि मुळं कुजतात.

लावणं सोपं आहे. त्याच वेळी उमललेलं नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या, आणि मधला पिवळा दांडा मादीच्या मधल्या चिकट भागावर सगळीकडून हलकेच टेकवायचा. बोटाला पिवळी पूड लागली पाहिजे. पाऊस असेल तर आदल्या दिवशीच उद्याची मादी कळी ओळखून तिच्यावर कागदाचा द्रोण उपडा घालते. भोपळ्याच्या फुलांची भजी करायची तर नर फुलांचीच, आणि दोन-चार मागे ठेवून.

करटोल्यांचं मात्र वेगळं. तिथे नराचा वेल वेगळा आणि मादीचा वेगळा. जंगलातून कंद आणून लावला आणि चार वर्षं नुसती फुलं बघितली, असं आमच्याच वाडीत झालंय. आठ-दहा माद्यांमागे एक नर लागतोच.

आणि खरोखर धरलेलं फळ कुजलं तर? ती फळमाशी. कोवळ्या सालीवर सुईच्या टोकाएवढा डाग आणि त्यातून आलेला डिंकाचा थेंब शोधा. आत अळ्या सापडतील. आंब्याच्या बागेतला सापळा लोक मांडवाला लावतात आणि काही अडकत नाही म्हणून वैतागतात. आंब्याच्या माशीचा नर मिथाईल युजेनॉलच्या वासाला भुलतो, काकडीच्या माशीचा क्यू-ल्युअरच्या. सापळ्यातली गोळी बदला.

यंदा ती पोरगी पुन्हा आली. पहिल्याच सकाळी तिला मांडवाखाली नेलं, दोन मादी फुलं दाखवली, सरळ बोटाने, आणि नर फूल तिच्या हातात दिलं. दोन्ही धरली. दीड बोट लांब झाल्यावर तिने सासूबाईंना बोलावून आणलं. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "तिने हात लावला म्हणून धरलं हो. पोरीचा हात गुणाचा आहे."

त्यातलं एक त्यांनी बियाण्याला राखायला सांगितलंय. मी नको म्हणते, कारण एक तवसं पिकायला ठेवलं की वेल सगळं अन्न त्याच्याकडे वळवतो आणि मागून आलेल्या माद्या गाळतो. बियाण्याचं राखायचं तर शेवटचं राखावं. त्या म्हणतात, बी नेहमी पहिल्याचंच. सध्या त्याला लाल दोरा बांधलेला आहे, आणि वरच्या तीन कळ्या काल पिवळ्या पडल्या.