दंत इम्प्लांट

पडलेल्या किंवा काढलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेले कृत्रिम मूळ. हाडातला स्क्रू, त्यावरचा अबटमेंट (स्क्रू व कॅप यांना जोडणारा तुकडा) आणि तोंडात दिसणारी कॅप असे त्याचे तीन भाग. स्क्रू बहुधा टायटॅनियमचा असतो, कारण हाड या धातूला थेट घट्ट धरते. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनमार्क यांना हे सशांवरील प्रयोगांत आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले.

आज सर्वाधिक वापर मुळाच्या आकाराच्या स्क्रूचा होतो : व्यास साधारण ३.५ ते ५ मिमी, लांबी ८ ते १३ मिमी. तीन मिमीपेक्षा बारीक मिनी इम्प्लांट मुख्यतः खालची कवळी हलू नये म्हणून लावतात. वरच्या जबड्याचे हाड फारच झिजले असेल, तर ३० मिमीहून लांब झायगोमॅटिक इम्प्लांट गालाच्या हाडात रोवतात. हिरडीखाली हाडावर बसणारी धातूची जाळी आता क्वचितच दिसते.

आधी सीबीसीटी स्कॅनवर (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) हाडाची उंची-रुंदी मोजतात. शेजारच्या दातापासून दीड, दुसऱ्या इम्प्लांटपासून तीन आणि खालच्या जबड्यातील नसेपासून किमान दोन मिमी अंतर राखावे लागते. नस दुखावली तर ओठ बधिर होतो. जागा बधिर करून, हिरडी उघडून दोन मिमीच्या ड्रिलने भोक पाडतात व ते टप्प्याटप्प्याने रुंद करतात. या वेळी सलाइनची धार अखंड हवी : हाड मिनिटभर ४७ अंश सेल्सिअसला तापले तरी मरू शकते, आणि बोथट ड्रिल जोराने दाबणे हे त्याचे नेहमीचे कारण. शेवटचे भोक स्क्रूपेक्षा किंचित अरुंद ठेवतात. सुमारे ३५ न्यूटन-सेंटिमीटर टॉर्कला (पिळण्याच्या जोराला) स्क्रू घट्ट बसला, तर पकड चांगली समजतात. हाड धरायला खालच्या जबड्यात सुमारे तीन महिने, वरच्या मऊ हाडात चार ते सहा महिने लागतात. मग माप घेऊन कॅप बसवतात.

हाड धरण्याच्या काळात स्क्रू हलत राहिला, तर भोवती हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते. धूम्रपान आणि आटोक्यात नसलेला मधुमेह धोका वाढवतात. गुटख्यामुळे तोंड पुरेसे उघडत नसेल, तर मागच्या दाढेपर्यंत ड्रिल पोहोचतच नाही. पुढे कॅप चिकटवताना हिरडीखाली उरलेले सिमेंट किंवा साचलेला जंतूंचा थर यांमुळे सूज येऊन हाड झिजते. नुसती कॅप हलत असेल, तर बहुधा अबटमेंटचा स्क्रू सैल झालेला असतो व तो पुन्हा आवळता येतो. हाडातला स्क्रूच हलू लागला, तर तो काढावाच लागतो.