घरचा फिश टँक: मासे नेण्याआधी आणि नेल्यानंतर
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या दुकानात टाकी घेतली की त्याच दिवशी मासे मिळत नाहीत. टाकी, खडी, फिल्टर, लाइट घरी न्या, पाणी भरा, फिल्टर चालू करा आणि साधारण तीन-चार आठवड्यांनी माशांसाठी या. लहान मुलं रिकाम्या टाकीसमोर रडतात, मोठी माणसं नाराज होतात, काही जण सरळ दुसऱ्या दुकानात जातात. तरीही आम्ही हा नियम मोडत नाही. असं का, हे सांगायलाच हे पत्रक छापलं आहे.

पूर्वी आम्हीही टाकी आणि मासे एकत्रच द्यायचो. पाचव्या-सहाव्या दिवशी तेच ग्राहक परत यायचे. पाणी स्वच्छ होतं, खाणं दिलं होतं, तरी मासे एकेक करून गेले. आम्ही पुन्हा मासे द्यायचो, तेही जायचे. मग टाकी माळ्यावर चढायची आणि त्या घरात ‘आपल्याला मासे लाभत नाहीत’ असं कायमचं ठरून जायचं. मासे लाभत नाहीत असं काही नसतं. त्या टाकीतलं पाणी अजून तयार झालेलं नसतं, एवढंच.

पाणी तयार होतं म्हणजे काय

मासा त्याच पाण्यात खातो, श्वास घेतो आणि त्याच पाण्यात घाण करतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, तसंच उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. अमोनियाला रंग नसतो आणि टाकीत सुरुवातीला जेवढा असतो त्याचा वासही येत नाही, पण तो माशाचे कल्ले भाजून काढतो. नदीत किंवा तळ्यात तो पसरून जातो आणि जिवाणू तो खाऊन टाकतात. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात.

ते यायला आणि वाढायला वेळ लागतो. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो. नायट्राइटही विषारीच असतं, कारण त्यामुळे माशाच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्रेट त्या मानानं सौम्य असतं आणि आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. फिल्टरचा स्पंज, खडी आणि काचेवरचा बुळबुळीत थर ही त्यांची घरं. आपल्याकडच्या उबदार हवेत त्यांची वस्ती तीन-चार आठवड्यांत बसते, थंडीत जास्त वेळ लागतो.

जिवाणूंनाही अन्न लागतं. म्हणून रिकाम्या टाकीतही रोज चिमूटभर माशांचं खाणं टाका. ते कुजून अमोनिया तयार होईल आणि वस्तीला सुरुवात होईल. आमच्याकडच्या चालू फिल्टरमधला जुना स्पंजचा तुकडा मागा, आम्ही तो फुकट देतो. दह्याला विरजण लावतात तसंच हे. ओला तुकडा पिशवीतल्या पाण्यात घालून त्याच दिवशी नेऊन नव्या फिल्टरमध्ये ठेवलात तर काम बरंच लवकर होतं.

आठवड्यातून एकदा टाकीचं पाणी छोट्या बाटलीत घेऊन दुकानात या. आम्ही तपासून देतो, त्याचे पैसे घेत नाही. बाटली साबणानं धुतलेली नको. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं की त्याच दिवशी मासे न्या.

टाकी केवढी आणि कुठे

बहुतेकांना वाटतं, सुरुवात छोट्या टाकीनं करावी. आमचा अनुभव उलटा आहे. पाणी कमी असेल तर एका जास्तीच्या चिमटीनं ते बिघडतं, जास्त असेल तर चूक पोटात घेतं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच ही आम्हाला सुरुवातीसाठी सगळ्यात योग्य वाटते. काठोकाठ भरली तर तिच्यात 56 लिटर पाणी मावतं. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर प्रत्यक्षात 45 लिटरच्या आसपास. काचेचा गोल बाऊल आम्ही माशांसाठी विकत नाही.

भरलेल्या अशा टाकीचं वजन 70-75 किलोपर्यंत जातं. टीव्हीच्या शोकेसवर किंवा भिंतीत ठोकलेल्या फळीवर ती ठेवू नका. लोखंडी स्टँड किंवा भक्कम ओटा हवा आणि टाकीखाली सपाट थर्मोकोल हवा, म्हणजे एखाद्या खड्यानं किंवा उंचवट्यानं तळाची काच तडकत नाही. जागेवर ठेवून पाणी भरा आणि एक दिवस खाली वर्तमानपत्र अंथरून गळती बघा. भरलेली टाकी कधीही उचलू किंवा सरकवू नका.

खिडकीतलं थेट ऊन टाळा, शेवाळ धरतं. लाइट दिवसाला सहा ते आठ तास पुरे. वास्तूप्रमाणे अमुक दिशा हवी असेल तर जरूर पाळा, मात्र त्या कोपऱ्यात ऊन येत नाही ना आणि विजेचा सॉकेट जवळ आहे ना, हे बघा. वायर टाकीतून थेट सॉकेटकडे ओढू नका. तिला सॉकेटच्या पातळीच्या खाली झोळ पडू द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी तिथेच खाली ठिबकेल.

तळाला साधी नदीची खडी सर्वात चांगली, या टाकीला दहा किलो पुरते. पाणी नितळ निघेपर्यंत धुऊन घ्या. अलिबाग-काशीदच्या सहलीतून आणलेले शिंपले आणि पांढरे संगमरवरी खडे मुलांना टाकीत घालायचे असतात. त्यातला चुना विरघळून पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं होत जातं. शंका आली तर खड्यावर लिंबू पिळा. फेस आला तर तो टाकीत नको.

नळाचं, बोअरचं, टँकरचं

पुण्यात एकाच सोसायटीत तिन्ही प्रकारचं पाणी येतं, म्हणून हे नीट वाचा. धरणाचं पाणी सहसा मऊ असतं, पण त्यात क्लोरीन असतं. क्लोरीन माशाचे कल्ले जाळतं आणि वर सांगितलेले जिवाणूही मारतं. पाणी 24 तास उघड्या बादलीत ठेवा किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला. घाईच्या वेळी थेंबच खात्रीचे. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा क्लोरीनचं प्रमाणही वाढवलेलं असतं, हे लक्षात असू द्या.

सोसायटीनं गच्चीवरची टाकी ब्लीचिंग पावडरनं धुतली की पुढचे तीन-चार दिवस माशांचं पाणी बदलू नका. वर्षभर उत्तम चाललेली टाकी या एका कारणानं एका रात्रीत रिकामी झालेली आम्ही बघितली आहे. सोसायटीच्या फलकावरची ती सूचना मासे पाळणाऱ्या घरानं तरी वाचायलाच हवी.

बोअरचं पाणी बहुधा जड असतं. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना ते मानवतं, निऑन टेट्राला नाही. टँकरचं पाणी दर वेळी वेगळं असू शकतं, तेव्हा एका वेळी थोडंच बदला. आरओचं पाणी एकटं वापरू नका, त्यात माशांना लागणारे क्षार जवळजवळ नसतात.

कोणते मासे

पहिल्या टाकीसाठी आमची पहिली पसंती झेब्रा माशाला. तो आपल्याच उपखंडातला. 1822 मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली, त्यात हा आहे. आज जगभरच्या प्रयोगशाळा तो पाळतात. काटक आहे, चपळ आहे, थोडी थंडीही सोसतो. मात्र सहाच्या खाली नेऊ नका, थव्यात असला तरच त्याचं पळणं बघण्यासारखं असतं.

गप्पी सगळ्यांच्या ओळखीचा. डासांच्या अळ्या खातो म्हणून महापालिकेचे लोक पाण्याच्या साठ्यांत सोडतात तोच, फक्त आमच्याकडचे रंगीत. नर-मादी एकत्र ठेवलेत तर महिन्याभरात पिल्लं दिसतील आणि ती थांबायची नाहीत. पिल्लं नको असतील तर फक्त नर न्या. फायटर एका टाकीत एकच. वरून हवा घेऊ शकतो म्हणून तो कपात ठेवून विकतात, पण त्यालाही फिरायला जागा आणि ऊब लागतेच.

गोल्डफिशबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त हाल त्याचेच होतात. दुकानात तो बोटाएवढा दिसतो. नीट वाढला तर वीतभर होतो, दहा वर्षं आणि त्याहून जास्त जगतो आणि घाण भरपूर करतो. आठ सोनेरी आणि एक काळा, असे नऊ मासे शुभ म्हणून मागणारे बरेच जण येतात. दोन फुटी टाकीत नऊ गोल्डफिश जगू शकत नाहीत, आणि घरात दर आठवड्याला एक मासा मरणं कुणालाच शुभ वाटणार नाही. नऊच हवे असतील तर नऊ गप्पी न्या, किंवा मोठी टाकी करा.

ऑस्कर फूटभर होतो. ‘काच साफ करतो’ म्हणून नेला जाणारा सकरही तेवढाच, कधी त्याहून मोठा होतो. दोन फुटी टाकीसाठी हे दोन्ही आम्ही देत नाही. व्यापारात ‘मिस केरळ’ म्हणतात तो लाल पट्ट्याचा देखणा मासा केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या डोंगरी ओढ्यांतला. 2013 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीला (जीनसला) ‘सह्याद्रिया’ हे नाव दिलं. निसर्गात तो धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे, म्हणून आम्ही फक्त पैदास केंद्रातलेच ठेवतो. तो थव्यानं राहतो, वीतभर वाढतो आणि त्याला चार फुटी टाकी हवी.

मासे घरी नेल्यावर लाइट बंद करा. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. मग तोंड उघडून अर्ध्या तासात तीन-चार वेळा टाकीतलं थोडं थोडं पाणी पिशवीत घाला. शेवटी मासे जाळीनं उचलून सोडा, पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. एका वेळी चार-सहा मासेच न्या. पुढचे दोन आठवड्यांनी.

दर आठवड्याचं काम

‘महिन्यातून एकदा सगळं बाहेर काढून टाकी लख्ख धुतो’ असं ग्राहक अभिमानानं सांगतात, तेव्हा काय बोलावं ते सुचत नाही. त्यांनी मनापासून कष्ट केलेले असतात आणि त्या कष्टांनीच जिवाणूंची वस्ती साफ गेलेली असते. टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते.

आठवड्यातून एकदा पाव भाग पाणी बदला, एवढंच. पाइपनं खडीतली घाण ओढत पाणी बादलीत काढा आणि तितकंच क्लोरीन काढलेलं पाणी हळू ओता. ते टाकीतल्या पाण्याइतपतच गार किंवा कोमट असावं. स्पंज काळा पडून प्रवाह कमी झाला, तर काढलेल्या पाण्याच्या बादलीतच दोनदा पिळून परत लावा, नळाखाली धरू नका. साबण टाकीच्या आसपासही नको. ती बादली माशांसाठी वेगळीच ठेवा. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, तुळस छान वाढते.

खाणं दिवसातून एकदा किंवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. मासा काचेशी येऊन तोंड हलवतो म्हणजे उपाशी असतोच असं नाही, तुम्ही आलात की खाणं येतं हे त्याला कळलेलं असतं. नदीच्या घाटावर माशांना कणकेच्या गोळ्या घालायची आपली पद्धत आहे. टाकीत मात्र कणीक, ब्रेड, मुरमुरे, बिस्कीट काहीही नको.

फिल्टर चोवीस तास चालू हवा. रात्री आवाज येतो म्हणून बंद केला तर स्पंजातले जिवाणू प्राणवायूविना गुदमरतात. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) लावा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात येतं. वीज तास-दोन तास गेली तर काळजी नाही. जास्त वेळ जात असेल तर बॅटरीवरचा पंप घेऊन ठेवा, आणि तोवर मगनं पाणी उचलून वरून सोडत राहा.

घरातले धोके

डास मारायची लिक्विडची मशीन, कॉइल, झुरळांचा स्प्रे यांतली बरीच द्रव्यं माशांना फार विषारी असतात आणि एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो. टाकीच्या खोलीत ही साधनं वापरू नका. पेस्ट कंट्रोलच्या दिवशी पंप बंद करून टाकी ओल्या चादरीनं घट्ट झाका, दोन-तीन तासांत खोली उघडून हवा खेळवा आणि मगच पंप लावा. रंगकाम आणि दिवाळीतला फटाक्यांचा धूर यांनाही हेच लागू.

डिसेंबर-जानेवारीत पुण्यातल्या रात्री पाणी 20 अंशांच्या खाली जातं आणि अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके घेऊन मासे खडीला अंग घासू लागतात. हा परजीवीचा आजार आहे. लिटरमागे साधारण एक वॉट या हिशेबानं हीटर लावा आणि दोन दिवसांत हळूहळू 30 अंशांपर्यंत न्या. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, म्हणून हवा वाढवा. ठिपके गेले तरी उपचार दहा दिवस चालू ठेवा, कारण परजीवी खडीत पडून वाढत असतो. पाणी बदलताना हीटरचं बटण आधी बंद करा. निळं औषध (मिथिलिन ब्लू) मुख्य टाकीत ओतू नका, ते चांगल्या जिवाणूंनाही मारतं. आजारी मासा वेगळ्या डब्यात ठेवा आणि औषध त्यालाच, आम्हाला विचारून द्या.

गावाला जाताना चार-पाच दिवस मोठे मासे उपाशी राहिले तरी चालतं. त्याहून जास्त दिवस जाणार असाल तर शेजाऱ्यांच्या हातात डबा देऊ नका. एकेका दिवसाच्या मापाच्या कागदी पुड्या बांधून त्यांवर वार लिहा आणि पुड्याच द्या. आम्ही दुकानातही अशा पुड्या बांधून देतो.

मासा टाकीपेक्षा मोठा झाला, घर बदललं, सांभाळणं जमेना, तर तो मुठेत, तलावात किंवा विहिरीत सोडू नका. सोडलेले सकर आज आपल्या तलाव-धरणांत वाढून देशी माशांची जागा घेत आहेत. मासा आमच्याकडे आणून द्या. तो आमच्याकडून नेलेला नसला तरी चालेल.