होमिनिड कोण आणि होमिनिन कोण?

गोव्यातल्या सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळ इथे जांभ्या दगडावर बैल कोरलेले आहेत, आणि गोलात गोल फिरत जाणारा एक चक्रव्यूहही. १९९३ साली ही चित्रं उजेडात आली आणि ‘आदिमानव’ हा शब्द त्यांना कायमचा चिकटला. सहलीहून परतलेली मुलं घरी सांगतात, माणूस माकडासारखा होता तेव्हाची चित्रं पाहिली. हे साफ चुकीचं आहे. ती कोरणारे होमो सेपियन्स होते, म्हणजे आपल्याच जातीचे. त्यांचा मेंदू आपल्याएवढा होता आणि हात आपल्यासारखेच.

आदिमानव हा शब्द फार सैल आहे. इथिओपियात १९७४ साली सापडलेली ३२ लाख वर्षांपूर्वीची ‘लुसी’ (माणसाच्या शाखेतल्या एका मादीचा सांगाडा) त्यात बसते आणि कुशावतीकाठचा शिकारीही बसतो. विज्ञानात यासाठी दोन नेमके शब्द आहेत. होमिनिड म्हणजे माणूस, चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान आणि या सर्वांचे नामशेष नातलग. होमिनिन म्हणजे चिंपांझीची शाखा वेगळी झाल्यावर माणसाच्या बाजूला उरलेले सगळे. भावकीच्या भाषेत सांगायचं तर होमिनिड हे अख्खं कूळ आणि होमिनिन त्यातलं एक घर. जुन्या पुस्तकांत मात्र होमिनिड हा शब्द फक्त माणसाच्या घरापुरता होता. बाकीच्यांना ‘पोंगिड’ या वेगळ्या कुळात टाकलेलं असे. म्हणून पुस्तक कधीचं आहे हे पाहूनच हा शब्द वाचावा.

हा बदल घडवला रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाने, आणि ती हकिगत मला उत्क्रांतीच्या साऱ्या इतिहासात सर्वांत प्रिय आहे. माणसाचं शुद्ध केलेलं अल्ब्युमिन सशाला टोचलं की सशाचं शरीर ते परकं म्हणून ओळखतं आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. ही प्रतिपिंडं माणसाच्या अल्ब्युमिनला घट्ट चिकटतात. आता तीच चिंपांझीच्या अल्ब्युमिनबरोबर मिसळायची. प्रथिनाच्या साखळीत जिथे जिथे अमिनो आम्ल बदललं असेल तिथे पकड ढिली पडते. मग तेवढीच प्रतिक्रिया मिळवायला प्रतिपिंडांचं प्रमाण किती पट वाढवावं लागतं, ते मोजायचं. चिंपांझी आणि गोरिला यांच्यासाठी ते किंचितच वाढवावं लागलं. आशिया-आफ्रिकेतल्या माकडांसाठी मात्र दुपटीहून अधिक.

कॅलिफोर्नियात व्हिन्सेंट सॅरिच आणि अ‍ॅलन विल्सन यांनी १९६७ साली यातून घड्याळच बनवलं. अल्ब्युमिनमधले बदल काळाबरोबर साधारण एकाच वेगाने साचतात, म्हणून त्या पटीचा लघुगणक काळाच्या प्रमाणात असतो, असं त्यांनी दाखवलं. आशिया-आफ्रिकेतल्या माकडांची आणि कपींची (चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान अशा बिनशेपटीच्या प्राण्यांची) फारकत तीन कोटी वर्षांपूर्वीची धरून त्यांनी घड्याळ लावलं. उत्तर आलं: माणूस आणि आफ्रिकी कपी यांची फारकत अवघ्या ५० लाख वर्षांपूर्वीची. आज हा आकडा ६०-७० लाखांच्या आसपास धरतात, पण तेव्हा तो ऐकून जीवाश्म अभ्यासक खवळले.

कारण त्यांच्याकडे ‘रामापिथेकस’ होता. शिवालिकच्या टेकड्यांत हरितल्यांगरला १९३२ साली मिळालेल्या जबड्याच्या तुकड्यावरून दातांची कमान माणसासारखी गोलाकार जोडली गेली होती, आणि माणसाची शाखा १ कोटी ४० लाख वर्षं मागे नेली गेली होती. पुढे पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर त्याच्या जवळच्या नातलगाचा, शिवापिथेकसचा, चेहरा मिळाला. डेव्हिड पिलबीम यांनी १९८२ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. तो चेहरा ओरांगउटानच्या वळणाचा निघाला. आता रामापिथेकस शिवापिथेकसमध्येच जमा आहे. आजच्या अर्थाने तो होमिनिड खरा, पण होमिनिन नव्हे. पुढे डीएनएच्या अभ्यासातून चिंपांझी हा गोरिलापेक्षा माणसाला जवळचा ठरला, आणि कपींना वेगळ्या कुळात ठेवण्याला आधारच उरला नाही.

हे कळलं की ‘माणूस माकडापासून झाला, तर मोलेच्या जंगलातली माकडं अजून माकडंच कशी?’ हा प्रश्न गळून पडतो. ती आपले पूर्वज नाहीतच. त्यांचा आणि आपला समाईक पूर्वज अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तेव्हापासून तीही आपल्या वाटेने बदलत आली आहेत. दर नव्या हाडाबरोबर ‘हरवलेला दुवा सापडला’ असं छापणाऱ्या बातम्यांचा तर मला मनापासून राग येतो. त्या वाचून वाटतं, की सगळे होमिनिन एका साखळीत एकामागे एक उभे होते. तसं नव्हतं, शाखा अनेक होत्या. टांझानियातल्या ओल्डुवाई घळीत मेरी लिकी यांना १९५९ साली जी कवटी मिळाली, ती पॅरान्थ्रोपस बोइसेईची. दाढा प्रचंड, चावण्याचे स्नायू धरायला कवटीच्या माथ्यावर हाडाचा उंच कंगोरा, आणि चाल दोन पायांवरची. हा होमिनिन होता, पण तुमचा-आमचा पूर्वज नव्हे. त्याच्याच काळात, त्याच पूर्व आफ्रिकेत आपल्या होमो वंशाचे लोकही वावरत होते, आणि बोइसेईची शाखा दहा लाखांहून अधिक वर्षांपूर्वी वंशज न ठेवता संपली.