मुशी, मोरी आणि पहिली अनुसूची

मालवणकडे शार्क माशाला मोरी म्हणतात, वर मुंबईकडे मुशी. मधल्या बऱ्याच गावांत दोन्ही नावं चालतात. ('मोरीचं मटण' ऐकून घाटावरचा पाहुणा बिचकतो तो न्हाणीघराच्या आठवणीने, दातांच्या नव्हे.) 'शार्क' हा शब्द किनाऱ्यावर फार उशिरा आला आणि येताना नरभक्षक हे बिरुद घेऊनच आला. 1975 च्या एका अमेरिकन चित्रपटाने ते जगभर पक्कं केलं. प्रत्यक्षात माणसाने काही छेड न काढता शार्क चावल्याच्या घटना जगभरात वर्षाला साधारण 60-70 नोंदल्या जातात. उलट बाजूचा हिशेब 2013 च्या एका अभ्यासात आहे: माणसाच्या हातून वर्षाला सुमारे 10 कोटी शार्क मरतात.

कोकणात मुशीला घाबरण्यापेक्षा गिऱ्हाईक जास्त. बाळंतिणीला दूध यावं म्हणून लहान मुशी खास शोधून आणतात. तिचं कातडं पॉलिशपेपरसारखं खरखरीत. उकळतं पाणी ओतून सुरीने खरवडलं की वाळू निघावी तसं निघतं. अंगातल्या युरियामुळे शिळ्या मुशीला अमोनियाचा उग्र वास मारतो, म्हणून ती ताजी खपली नाही तर खारवून सुकवायची. तिच्या यकृताचं तेल होडीच्या लाकडाला लावत. दुसऱ्या महायुद्धात कॉड माशाचं तेल येणं थांबलं, तेव्हा अ जीवनसत्त्वासाठी हेच तेल सरकारी पातळीवर काढलं गेलं. पुढे कृत्रिम जीवनसत्त्व आलं आणि तो धंदा बसला. तिचे पर, म्हणजे पोहायचे पंख, मात्र एकोणिसाव्या शतकापासून मुंबईमार्गे चीनकडे जात होते.

खरा घोळ 2001 चा. मे महिन्यात व्हेल शार्क वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला, म्हणजे वाघाच्या रांगेत. त्यावर फारशी कुरकुर झाली नाही. जुलैमध्ये मात्र सरसकट सगळ्या मुशी आणि त्यांच्या भाऊबंद वागळ्याही (चपट्या अंगाचे मासे) त्यात घातल्या. पावसाळी मासेमारीबंदीचे दिवस संपून होड्या दर्यात जायच्या वेळेला जाळ्यात येणारा जवळजवळ रोजचा मासा गुन्हा ठरला. जाळं काही मासा निवडून धरत नाही. मच्छीमारांनी विरोध केला आणि डिसेंबरमध्ये यादी 10 जातींवर आली. त्यातल्या खऱ्या मुशी फक्त चार. बाकी करवत मासे, वागळ्या वगैरे. गंगेचं नाव असलेल्या जातींचा कोकणाशी काय संबंध? आणि हातोडीसारख्या डोक्याची मुशी, जी इथल्या जाळ्यात खरोखर येते, ती बाहेर. माझ्या मते जुलैचा निर्णय आंधळा होता आणि डिसेंबरचा त्याहून सोयीचा.

पण यादी कितीही नीट केली तरी अडतं ते नावापाशी. कायदा लॅटिनमध्ये बोलतो, लिलावात पुकारा होतो 'मुशी'चा. त्या एका शब्दात दीड-दोन फुटांत वाढ संपणारी, लवकर वयात येऊन भरपूर पिल्लं देणारी जातही बसते आणि वयात यायलाच वर्षानुवर्षं लागतात अशीही. पहिली बऱ्यापैकी मासेमारी सोसते, दुसरी नाही. टोपलीत दोघींची पिल्लं शेजारी पडली की कोण कोणाची, हे सांगायला सरावलेली नजर लागते. व्हेल शार्कचं तर आणखी वेगळं: बातम्यांत तो सर्रास 'देवमासा' होतो, म्हणजे ना मुशी ना शार्क.

पुढचं झटपट झालं. 2013 मध्ये पर शरीरापासून वेगळे आणायला मनाई झाली. इथे अख्खी मुशीच विकली जाते, त्यामुळे टोपलीत फरक पडला नाही. 2015 मध्ये परांची निर्यात बंद झाली. 2022 च्या दुरुस्तीने संरक्षित जातींची यादी वाढवली. महाराष्ट्रात जाळं कापून संरक्षित प्राणी सोडला तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. योजना चांगली आहे, पण अंधारात, जाळं ओढायच्या घाईत, जाळ्यात धडपडणाऱ्या जनावराची जात ओळखायची ती तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्यानेच.

फेब्रुवारी 2024 मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ, वैतरणेच्या पात्रात एका तरुणाच्या पायाचा लचका तोडला गेला. चावणारी नंतर मेलेली सापडली. बातम्यांत ती शार्क होती. 'मुशी चावली' असं कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलं नाही.