चॉसर आणि ‘राप्तुस’: एका शब्दाची पार्श्वभूमी

२०२१ मध्ये इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाने मध्ययुगीन साहित्य अभ्यासक्रमातून काढायचा प्रस्ताव आणला. वंश, लिंगभाव अशा आजच्या विषयांना जागा हवी, असं सांगितलं गेलं. कारण अजबच म्हणायचं, कारण लिंगभाव आणि बळजबरी याच मुद्द्यांवरून चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याचे अभ्यासक कित्येक दशकं भांडत होते.

भांडणाचं मूळ एका लॅटिन शब्दात आहे. मे १३८० मध्ये लंडनमधल्या एका दिवंगत पाववाल्याच्या मुलीने लिहून दिलं, की ‘राप्तुस’बाबत चॉसरवर तिचा कसलाही दावा नाही. हा दस्त १८७३ मध्ये उजेडात आला. राप्तुस म्हणजे बलात्कार, पळवून नेणंही. कवीच्या वडिलांनाच लहानपणी, १३२४ मध्ये, मालमत्तेपायी आत्याने पळवलं होतं, त्यामुळे दुसऱ्या अर्थाला धरून बसणारे कमी नव्हते. पण चॉसरचीच ‘बाथच्या बाईची गोष्ट’ सुरू होते तीच एका सरदाराने केलेल्या बलात्काराने, आणि तो दस्त डोक्यात ठेवून ती वाचली की अंगावर येते. १९९३ मध्ये त्याच दस्ताची आणखी एक नोंद सापडली. तिच्यात नेमका हाच शब्द गाळलेला! संशय आणखी वाढला.

२०२२ मध्ये १३७९ च्या दाव्याचे कागद बाहेर आले. त्यात चॉसर आणि ती मुलगी दोघंही प्रतिवादी, एकाच बाजूला. वादी तिचा जुना मालक. मुदतीआधी काम सोडून ती चॉसरकडे गेली, ही त्याची तक्रार. आपण नाही का म्हणत, ‘तिने आमची कामवाली पळवली’? राप्तुसचा अर्थ तसाच असावा, हे मला पटतं. ‘चॉसर निर्दोष’ हे मथळे मात्र घाईचे होते. एका दाव्याचा उलगडा झाला एवढंच, गोष्टीतला सरदार आहे तिथेच आहे.

दावा ज्या कायद्याखाली होता तो १३५१ चा. प्लेगने माणसं मेली, मजूर मिळेनात, म्हणून मजुरी प्लेगआधीच्या दराला बांधून टाकली आणि मुदतीआधी काम सोडणं गुन्हा ठरवला. त्याच काळातल्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात भूमिहीन मजूर कालच्या शिळ्या भाजीला तोंड लावत नाहीत. ताजं मटण नाहीतर तळलेली मासळी हवी, तीही गरमागरम, नाहीतर पोटाला गारठा भरेल म्हणे. आणि असले कायदे केल्याबद्दल ते राजाला शिव्या घालतात.