उघाडी ते होल्डिंग पॉन्ड

उधाणाच्या दिवशी जोराचा पाऊस लागला की नवी मुंबईत सगळे होल्डिंग पॉन्डबद्दल, म्हणजे पावसाचं पाणी साठवून धरणाऱ्या खाडीकाठच्या तलावांबद्दल बोलायला लागतात, पण हे तलाव मुळात आले कुठून ते कोणी विचारत नाही, म्हणून जरा मागे जाऊया.

शहर व्हायच्या आधी इथे आगरी-कोळ्यांची गावं होती. खाडीकाठी मातीचे बांध, आत खारी भातशेती, कुठे मिठागरं. बांधाला उघाडी असायची म्हणजे झडप, भरती चढली की खाडीच्याच दाबाने बंद होणार आणि ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जाणार, माणूस लागत नाही, मोटर लागत नाही. बांध फुटला तर सगळं गाव धावायचं कारण खारं पाणी एकदा शेतात शिरलं की जमीन लवकर सुधरत नाही. या खार जमिनींसाठी 1948 ला कायदा झाला आणि 1979 ला परत नवा.

मग 1965 च्या सुमारास वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि इंजिनियर शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर सुचवलं, 1970 ला ते वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, 95 गावांची जमीन घेतली. बरीचशी भराव टाकून उठवलेली, तरी भरतीच्या पातळीपेक्षा खाली. म्हणून डच पद्धतीचे तलाव ठेवले, भरतीला गेट बंद, पाऊस तलावात साठणार, ओहोटीला खाडीत. मला तर ही उघाडीच वाटते, फक्त शेताऐवजी अख्खा सेक्टर तिच्या भरवशावर.

पुढे गाळ बसत गेला, भरतीबरोबर बिया आल्या आणि तलावातच तिवरं म्हणजे कांदळवन उगवलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस झाला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हायकोर्टाने राज्यभर कांदळवन तोडायला बंदी घातली, 2018 ला ती कायम केली. बंदी बरोबरच आहे, तिच्यामुळे ठाणे खाडी वाचायला मदत झाली आणि 2022 ला ती रामसार यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. पण तिवरं तोडून गाळ काढायचा तर आता कोर्टाची परवानगी लागते आणि तलाव उथळ होत राहतात.

आता समुद्र चढतोय. पातळी वर गेली की गेट जास्त वेळ बंद राहणार, पाऊस मात्र कमी वेळात जास्त कोसळतोय. तिवरांनाही हळूहळू जमिनीकडे सरकायला जागा लागते आणि तिथे आपण रस्ता नाहीतर दगडी भिंत उभी केलीय, मग ती बिचारी मधेच अडकणार. आता किनारा आखताना भिंतीऐवजी उतार ठेवा, मागे मोकळी पट्टी सोडा असं म्हणतात ते याचसाठी. आणि भरतीची वाट तर अजिबात बुजवायची नाही, 2024 ला नेरूळच्या डीपीएस शाळेजवळच्या तलावात खाडीचं पाणी पोचेनासं झालं, तळं सुकत गेलं आणि त्याच दिवसांत फ्लेमिंगो मेल्याच्या बातम्या येत होत्या.