संग्रहाचं बिऱ्हाड नव्या डिस्कवर

कॉपी पूर्ण झाली असं संगणक सांगतो, तेव्हा त्याचा अर्थ इतकाच असतो की जुन्या डिस्कवरून वाचलेलं सगळं त्याने पुढे सोपवलं आणि वाटेत कोणी तक्रार केली नाही. नव्या डिस्कवर नेमकं काय उमटलं, हे अजून कोणी वाचून पाहिलेलं नसतं. शेवटचे काही शेकडो मेगाबाइट तर त्या क्षणी रॅममध्येच असू शकतात. घरच्या मीडिया सर्व्हरवरचा (घरातल्या टीव्ही-फोनला चित्रपट आणि गाणी पुरवणाऱ्या संगणकावरचा) चित्रपटांचा, गाण्यांचा, घरगुती व्हिडिओंचा संग्रह मोठ्या डिस्कवर हलवताना जुनी डिस्क पुसायची घाई नडते ती इथेच.

आधी जागेचा हिशेब. डिस्क बनवणारे १ टेराबाइट म्हणजे १ वर १२ शून्यं इतके बाइट धरतात. विंडोज त्याच बाइटांना २ च्या ४० व्या घाताने भागतं आणि नाव मात्र टेराबाइटच ठेवतं. म्हणून १२ टेराबाइटची डिस्क १०.९ दिसते. लिनक्सवर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम घातली तर आणखी दोन कपाती होतात आणि त्या टाळता येतात. पहिली, ५ टक्के जागा रूट, म्हणजे संगणकाच्या व्यवस्थापक वापरकर्त्यासाठी राखीव राहते. १२ टेराबाइटवर हे ६०० गिगाबाइट झाले. फक्त संग्रह ठेवायच्या डिस्कवर हे राखीव प्रमाण शून्यावर किंवा १ टक्क्यावर आणावं. दुसरी कपात आयनोडची, म्हणजे प्रत्येक फाइलीमागे लागणाऱ्या नोंदीची. एवढ्या मोठ्या डिस्कवर दर ३२ किलोबाइटमागे २५६ बाइटांची एक नोंद आधीच आखून ठेवली जाते, त्यात सुमारे ९४ गिगाबाइट जातात. फॉरमॅट करताना 'लार्जफाइल४' हा प्रकार निवडला तर दर ४ मेगाबाइटमागे एकच नोंद होते. तरीही २८ लाख फाइली मावतात, म्हणजे चित्रपटांना ते भरपूर झालं. मात्र सर्व्हरची पोस्टरं आणि लघुचित्रं त्याच डिस्कवर ठेवणार असाल तर हा प्रकार घेऊ नका. लाखो चिमुकल्या फाइली नोंदी संपवून टाकतात आणि मग जागा शिल्लक असूनही 'जागा नाही' असा संदेश येतो. पार्टिशनसाठी, म्हणजे डिस्कचे भाग आखण्यासाठी, एमबीआर ही जुनी पद्धत चालणार नाही. ५१२ बाइटांच्या सेक्टरवर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सर्वांत लहान कप्पा) ती २ टेबीबाइटांपलीकडे मोजूच शकत नाही (टेबीबाइट म्हणजे वरचाच २ चा ४० वा घात इतके बाइट), म्हणून जीपीटी ही नवी पद्धतच हवी.

डिस्क विकत घेताना वेष्टनावरच्या आकड्यापेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे: ती सीएमआर आहे की एसएमआर, म्हणजे तबकडीवरचे माग (मजकूर लिहायच्या वर्तुळाकार वाटा) सुटे आहेत की एकमेकांवर चढलेले. एसएमआरमधले माग कौलारू छपरासारखे असतात, प्रत्येक कौल शेजारच्यावर थोडं चढलेलं. वाचणारं टोक अरुंद असतं, लिहिणारं रुंद. त्यामुळे मागाचा उघडा राहिलेला पट्टा वाचायला पुरतो आणि तेवढ्याच तबकडीवर जास्त माग बसतात. पण मधलं एक कौल बदलायचं म्हटलं तर त्याच्यावर चढलेली पुढची सगळी उचलावी लागतात. म्हणून डिस्क नवा मजकूर आधी एका छोट्या राखीव पट्ट्यात घेते आणि सवडीने जागच्या जागी लावते. सलग कित्येक तास लिहायला लागलं की सवड मिळत नाही, पट्टा भरतो आणि वेग सेकंदाला दीडशे मेगाबाइटवरून काही दहांवर कोसळतो. एकदा लिहून वर्षानुवर्षं वाचायच्या एकट्या डिस्कसाठी एसएमआर चालून जाते. अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या रेड किंवा झेडएफएसच्या गटात ती घालू नये. तिथे एक डिस्क बदलल्यावर नवीवर सगळं पुन्हा लिहावं लागतं, आणि ते काम इतकं लांबतं की नियंत्रक डिस्कलाच नादुरुस्त ठरवून बाहेर काढू शकतो. तांत्रिक माहितीपत्रकात हा प्रकार बहुधा लिहिलेला असतो. तो वाचल्याशिवाय घेऊ नका.

जोडणीतला एक पेच माहीत नसला तर चांगली डिस्क परत पाठवली जाते. डिस्क जोडली, पण फिरतच नाही, आवाज नाही, बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) दिसत नाही. साटा ही डिस्क जोडायची नेहमीची पद्धत; तिच्या वीजजोडणीत धातूच्या १५ पट्ट्या असतात. त्यातल्या तिसऱ्या पट्टीवर पूर्वी ३.३ व्होल्ट दाब येत असे. साटा ३.३ या मानकापासून त्याच पट्टीला 'वीज बंद कर' या संकेताचं काम दिलं गेलं. जुना वीजपुरवठा तिथे अजूनही ३.३ व्होल्ट देतो, आणि नवी डिस्क त्याला बंद राहण्याचा हुकूम समजते. मोठ्या क्षमतेच्या सर्व्हर डिस्कमध्ये आणि बाहेरच्या खोक्यातून काढलेल्या डिस्कमध्ये हे हमखास भेटतं. उपाय सोपा आहे. डिस्कच्या वीजजोडणीतल्या पहिल्या तीन पट्ट्यांवर कॅप्टॉन टेपची (वीज न वाहणाऱ्या, उष्णता सोसणाऱ्या टेपची) अरुंद पट्टी चिकटवायची, किंवा ३.३ व्होल्टची तारच नसलेली केबल वापरायची. मोलेक्सवरून (जुन्या चार तारांच्या वीजजोडणीवरून) साटा करणारी केबल घेणार असाल तर ओतीव प्लास्टिकच्या टोकाची टाळा. तिच्यात तारा आतल्या आत एकमेकींना टेकून टोक वितळल्याची उदाहरणं आहेत. तारा दाबून बसवलेल्या, उघडून पाहता येणाऱ्या टोकाची घ्या. वीजपुरवठ्याचाही अंदाज असू द्या. तबकडी वेग घेताना ३.५ इंची डिस्क १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर ओढते. आठ डिस्क एकदम सुरू झाल्या तर पहिल्या काही सेकंदांत २०० वॅटच्या आसपास भार पडतो, नंतर तो बराच उतरतो.

संग्रह चढवण्याआधी रिकामी डिस्क तपासायची. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या स्मार्ट नोंदी ठेवते, त्यांतले ५, १९७ आणि १९८ हे क्रमांक पाहा: बदललेले सेक्टर, वाचता न आल्यामुळे ताटकळलेले सेक्टर आणि न सुधारता आलेले सेक्टर. नव्या डिस्कवर तिन्ही शून्य हवेत, आणि कसोटीनंतरही शून्यच राहायला हवेत. १९९ हा क्रमांक वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो, डिस्कचा नव्हे. केबल बदलली की वाढ थांबते, आधीचा आकडा मात्र पुसला जात नाही. त्यानंतर विस्तारित स्वचाचणी. ती सगळा पृष्ठभाग वाचते. १२ टेराबाइट सेकंदाला सरासरी १८० मेगाबाइट वेगाने वाचायला साडेअठरा तास लागतात. बॅडब्लॉक्स हे साधन लेखन कसोटीत चार वेगवेगळे नमुने लिहितं आणि प्रत्येक नमुना परत वाचतं, म्हणजे आठ फेऱ्या होतात. सहा दिवस त्यातच जातील. निदान एक नमुना लिहून वाचावा असं माझं मत आहे, कारण कारखान्यातून किंवा वाहतुकीत आलेला दोष या पहिल्या ताणातच बाहेर पडण्याची शक्यता असते. ही कसोटी डिस्कवरचं सगळं पुसते. ती कोणत्या डिस्कवर चालवताय हे 'एसडीबी' असल्या नावावरून ठरवू नका, ती नावं संगणक पुन्हा सुरू झाल्यावर बदलू शकतात. डिस्कवर छापलेला अनुक्रमांक आणि पडद्यावर दिसणारा अनुक्रमांक जुळवून घ्या.

आता वाहतूक. ८ टेराबाइटचा संग्रह दोन्ही डिस्क एकाच संगणकात साटावर जोडून हलवला तर साधारण साडेबारा तास लागतात. १ गिगाबिट नेटवर्क सेकंदाला १२५ मेगाबाइटच्या वर जाऊच शकत नाही, प्रत्यक्षात ११० मिळतात, म्हणजे २० तास. चुकून यूएसबी २ च्या खाचेत जोडली तर ६३ तास. डिस्क भरत जाते तसा वेग कमी होतो, त्याने घाबरू नका. तबकडी सारख्याच गतीने फिरते, पण बाहेरचा माग लांब असल्याने एका फेरीत जास्त सेक्टर वाचणाऱ्या डोक्याखालून जातात. लिखाण बाहेरून आत सरकतं, आणि सर्वांत आतल्या मागावर वेग जवळपास निम्मा होतो. छोट्या फाइलींचा प्रश्न वेगळा आहे. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या डिस्कवर डोकं योग्य मागावर नेणं आणि हवा तो सेक्टर फिरून येणं यात साधारण १२ मिलिसेकंद जातात. १ लाख उपशीर्षकं आणि पोस्टरं असतील आणि प्रत्येकीला एकच उडी धरली, तरी २० मिनिटं नुसती उड्या मारण्यात संपतात.

इतके तास सलग वाचणं हा जुन्या डिस्कच्या आयुष्यातला सर्वांत मोठा ताण असू शकतो. म्हणून जे पुन्हा मिळणार नाही ते आधी हलवा: घरचे व्हिडिओ, स्वतः केलेली ध्वनिमुद्रणं. जुनीवर १९७ चा आकडा वाढलेला असेल तर साधी कॉपी नकोच. जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागा नकाशात टिपतं आणि त्यांच्याकडे शेवटी वळतं. दोन्ही डिस्कवर पंख्याची हवा येऊ द्या आणि तापमान ४५ अंशांच्या आत ठेवा.

कॉपीसाठी फाइल मॅनेजरमधलं 'कट-पेस्ट' कधीच नको. मध्येच काही बिनसलं तर अर्धा संग्रह इकडे आणि अर्धा तिकडे होतो. आरसिंक हे साधन थांबलेल्या ठिकाणाहून पुढे चालू शकतं. त्याच्या आज्ञेत छोटा 'ए' (-a) हा पर्याय दिला की वेळा, मालकी आणि परवानग्या तशाच जातात. वेळ जपणं महत्त्वाचं, कारण पुढच्या फेरीत फाइल तीच आहे की बदलली हे आरसिंक आकार आणि वेळ यांवरून ठरवतं. मोठा 'एच' (-H) विसरू नका. बऱ्याच सर्व्हरवर उतरवलेली फाइल आणि संग्रहातली फाइल या एकाच मजकुराच्या दोन हार्ड लिंक, म्हणजे एकाच साठवलेल्या मजकुराची दोन नावं, असतात. मोठा 'एच' नसेल तर त्यांच्या दोन स्वतंत्र प्रती होतात आणि ७ टेराबाइटचा संग्रह १० मध्येही मावत नाही. स्रोताच्या पत्त्याशेवटची तिरकी रेघ अर्थ बदलते. रेघ असेल तर फोल्डरच्या आतलं जातं, नसेल तर फोल्डरच जातं आणि 'चित्रपट'च्या पोटात आणखी एक 'चित्रपट' तयार होतं. आधी छोटा 'एन' (-n) देऊन रंगीत तालीम करा. नकोसं पुसणारा 'डिलीट' हा पर्याय पहिल्या फेरीत लावूच नका.

मराठी नावांच्या फाइलींना एक जास्तीची अडचण येते. विंडोजच्या एनटीएफएसवर नावाची मर्यादा २५५ चिन्हं आहे, ईएक्सटी४ वर २५५ बाइट. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं आहेत. म्हणजे ८५ चिन्हांवर नाव संपतं. विंडोजवर सुखाने नांदणारं व्याख्यानाचं लांबलचक शीर्षक नव्या डिस्कवर 'नाव फार लांब' म्हणून नाकारलं जातं आणि ती फाइल मागे राहते. दुसरी अडचण 'ऱ'ची. हे अक्षर एका चिन्हात लिहिता येतं किंवा र आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांत. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नाव तोडून दोन चिन्हांत साठवते. तिथून आलेलं 'किनाऱ्यावर' ३३ बाइटांचं असतं आणि लिनक्सवर टंकलेलं ३० बाइटांचं. डोळ्याला दोन्ही सारखीच, पण ईएक्सटी४ च्या लेखी ती दोन वेगळी नावं आहेत. उपशीर्षकाची फाइल व्हिडिओला जुळत नाही, तेव्हा हे कारण तपासा. आरसिंकच्या 'आयकॉनव्ह' पर्यायाने रूपांतर वाटेतच करता येतं.

मग परत वाचणं. जुन्या डिस्कवरच्या प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ ठसा (मजकुरावरून निघणारा, मजकूर बदलला की बदलणारा आकडा) काढून यादी करा, नवी डिस्क एकदा अनमाउंट करून (प्रणालीतून सोडवून) पुन्हा माउंट करा म्हणजे रॅममधली प्रत वाचली जाणार नाही, आणि यादी नव्या डिस्कवर पडताळा. कॉपीला लागले तेवढेच तास पुन्हा लागतील. ठसा जुळला नाही तर तीच फाइल पुन्हा तपासा. दर वेळी वेगळ्याच फाइली अडकत असतील तर संशय रॅमवर घ्या आणि रात्रभर मेमटेस्ट चालवा. खराब रॅम असलेला संगणक कोणतीही चूक न दाखवता बिघडलेल्या प्रती करत राहतो.

फाइली पोचल्या तरी सर्व्हरची आठवण वेगळी राहते. काय पाहून झालं, कोणतं पोस्टर निवडलं, हे सगळं एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये असतं आणि तो फाइलींना त्यांच्या पत्त्यावरून ओळखतो. तो हलवायचा असेल तर सर्व्हर आधी बंद करा, चालू डेटाबेसची नक्कल अर्धवट निघू शकते. सर्वांत बरं म्हणजे नवी डिस्क जुन्याच पत्त्यावर माउंट करणं. सर्व्हर डॉकरमध्ये, म्हणजे बंदिस्त डब्यासारख्या वातावरणात चालत असेल तर आतला पत्ता तोच ठेवून बाहेरचा बदला. पत्ता बदलणं भागच असेल तर प्लेक्स या मीडिया सर्व्हरमध्ये स्कॅननंतर कचरा आपोआप रिकामा करण्याचा पर्याय आधी बंद करा, लायब्ररीत नवा पत्ता जोडा, स्कॅन होऊ द्या आणि मगच जुना काढा. जेलीफिन या दुसऱ्या मीडिया सर्व्हरमध्ये पत्ता बदलला की फाइल नवी समजली जाते आणि 'नुकतंच आलेलं' या रांगेत सगळा संग्रह येऊन बसतो. फाइली असूनही लायब्ररी रिकामी दिसली तर मालकी पाहा. लिनक्स मालकाला आकड्याने ओळखतं, आणि नव्या संगणकावर सर्व्हरच्या वापरकर्त्याचा आकडा वेगळा असू शकतो.

एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क माउंट करायच्या त्या यादीत) डिस्कची नोंद यूयूआयडी या तिच्या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाने करा आणि 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे चल) हा पर्याय जोडा, नाहीतर एक सैल केबल अख्खा संगणक सुरू होऊ देत नाही. पण 'नोफेल'मुळे डिस्क न जोडताच संगणक सुरू होऊ शकतो. मग माउंट पॉइंटचं रिकामं फोल्डर सर्व्हरला 'सगळं पुसलं गेलं' असं भासतं, किंवा नव्या फाइली मूळ डिस्कवर साचून ती भरते. म्हणून डिस्क न जोडलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला 'चॅटर' आज्ञेने अपरिवर्तनीय करून ठेवा. डिस्क जोडली की लेखन नेहमीसारखं चालतं.

जुनी डिस्क महिनाभर तरी पुसू नका. ती काढून अँटिस्टॅटिक पिशवीत घाला, वर तारीख लिहा. या काळात नवीवरचे ५, १९७ आणि १९८ दर आठवड्याला पाहा. ते शून्य राहिले, ठशांची यादी दुसऱ्यांदाही जुळली आणि जुनीची तब्येत बरी असली, तर तीच पुसून घरच्या व्हिडिओंची दुसरी प्रत तिच्यावर घ्या. त्या प्रतीची तपासणीही याच ठशांच्या यादीवरून करता येते.